जमिनीखालचा मासा आणि आमचा खांब

मंडळी, आज सकाळी लेकीला घेऊन दिल्लीत जपानी कला आणि इतिहासाचं संग्रहालय बघून आले. तलवारी, किमोनो सगळं विसरले, पण एक चित्र डोक्यातून जात नाहीये.

जमिनीखाली एक अजस्र मासा आहे आणि तो हलला की भूकंप होतो, अशी तिकडची जुनी समजूत. आपला शेषनाग डोकं हलवतो ना, तसंच. चित्रात त्या माशाभोवती सुतार आणि गवंडी मजेत बसलेत. घरं पडली की त्यांना काम मिळणार!

दुपारी नोएडाला घरी परतलो. आम्ही चौदाव्या मजल्यावर राहतो. बेसमेंटमधल्या खांबाला तडा गेलाय, हे मी परवाच सोसायटीच्या ग्रुपवर फोटोसकट टाकलं होतं. सेक्रेटरींचं उत्तर आलं, "मैडम, ऐसी बातें ग्रुप पर मत डालिए, फ्लैट के रेट गिर जाएँगे." त्यावर सगळ्यांचे अंगठे. ते सुतार निदान माशाकडे बघत तरी होते!

आज गाडी लावताना बघते तर खांब पांढराशुभ्र.

"आई, दरार ठीक झाली?" म्हणत लेकीने हात फिरवला. रंग ओला होता. तो पुसला गेला आणि खालची रेघ दिसली. मी रुमालाने वर पुसत गेले. परवा ती रेघ माझ्या खांद्यापर्यंतच होती. आज चवड्यांवर उभी राहिले, तरी संपेना.

यार, खरं सांगा, तुमच्या बेसमेंटला हल्ली कुणी रंग दिलाय का?