झोपून येणारे पाहुणे

कंडक्टर तसा सरळ माणूस. त्याने कधी कुणाला विनातिकीट बसू दिलं नाही, की म्हाताऱ्याकोताऱ्यांवर आवाज चढवला नाही. पण एक लबाडी मात्र त्याने बिनबोभाट चालवली होती. झोपलेल्या प्रवाशाला तो उठवत नसे.

कारण घरातच होतं. त्याची बस जिथे थांबते तिथे रस्ताच संपतो. पुढे तळं, तळ्यापलीकडे डोंगर, आणि बसचा मुक्काम सकाळपर्यंत तिथेच. बाहेरचे प्रवासी सगळे आधीच्या बाजारगावात उतरून जातात. अशा ठिकाणी त्याच्या बायकोने घराची पुढची खोली रंगवून घेतली, दोन पलंग टाकले, खिडकीला निळे पडदे शिवले आणि दारावर पाटी ठोकली: 'प्रवाशांसाठी खोली'. गाव पोट धरून हसलं. सासूबाईंचा तर त्या खोलीत आपल्या ट्रंका आणि डबे ठेवायचा बेत होता. त्या म्हणाल्या, "प्रवासी आणणार कुठून? दुकानात मिळतात का?"

"तळं बघायला येतील," बायको म्हणाली.

संध्याकाळी त्या पाण्यात डोंगर उलटा उतरतो आणि बदकांची रांग त्याच्या शेंड्यावरून आरामात चालत जाते. बघण्यासारखंच आहे ते. पण असं काही इथे आहे हे बाहेर कुणाच्या गावीही नव्हतं. बायको रोज चादरी झटकायची, रोज पाण्याचा जग भरून ठेवायची, आणि ते कंडक्टरला बघवेना.

मग एके दिवशी बाजारगाव आलं तरी मागच्या सीटवर एक गलेलठ्ठ गृहस्थ घोरत होते. कंडक्टरने त्यांना उठवायला हात पुढे केला, आणि त्याच हाताने खिडकीची काच सरकवली. वारा लागायला नको बिचाऱ्यांना. मग त्याने घंटी दिली. ड्रायव्हरने आरशात पाहिलं, मिशीतल्या मिशीत हसला, आणि पुढची वळणं त्याने पाळणा हलवावा तशी घेतली.

गृहस्थांना जाग आली तेव्हा समोर तळं आणि परतीची बस सकाळी. आधी त्यांनी खूप थयथयाट केला. मग बायकोने चहा दिला, शेजारच्या शिंप्याने कोटाचं लोंबणारं बटण न विचारताच शिवून टाकलं, आणि न्हावी दुकानाला कुलूप लावून त्यांना होडीतून फिरवायला घेऊन गेला. नवं माणूस म्हणजे गावाला पर्वणीच. त्याला कुणी काय दाखवायचं यावरून शिंपी आणि न्हावी हमरीतुमरीवर यायचे. सकाळी गृहस्थ निघाले ते वळून वळून बघत.

पुढे अशा बऱ्याच जणांचे डोळे लागले. "तळं बोलावून आणतं हो माणसांना," बायको कौतुकाने सांगायची. कंडक्टर खाली मान घालून चहा प्यायचा.

हे बिंग फोडलं ते एका नर्सने, तेही बिचारीने कौतुक करता करता. शेवटच्या थांब्यावर उतरलेली ती दमलेली मुलगी सकाळी निघताना म्हणाली, "काकू, तुमचे कंडक्टर काका फार मायाळू आहेत. मी अर्धवट जागी होते. बाजारगावाला त्यांनी माझी घसरणारी पिशवी सरळ केली, खिडकी लावली आणि पाय न वाजवता निघून गेले. उठवलं नाही मला."

बायकोने हसून तिला निरोप दिला. मग नवऱ्याकडे वळली.

"म्हणजे तळं नाही, तुम्ही आणत होता माणसं."

"अगं, तुझ्यासाठीच—"

"मला फसवून आणलेले पाहुणे नकोत. आजपासून एकूण एक माणूस उठवायचा. कुणी जागेपणी आलं तर खोली राहील, नाहीतर आईंचे डबे तिथे."

ती रागावली असती तर त्याला चाललं असतं. पण तिचा आवाज कापत होता, आणि ते त्याच्या जिव्हारी लागलं.

तो इमानेइतबारे सगळ्यांना उठवू लागला. खोली ओस पडली. पावसाळा सरला, हिवाळा सरला. एक दिवस बायकोने स्वतःच पाटी काढली आणि पाण्याच्या पिंपावर झाकण म्हणून ठेवली. सासूबाई डबे पुसायला बसल्या.

त्यानंतर लवकरच बाजारगावाला दोन बायका डोक्यावरून शाल घेऊन झोपलेल्या दिसल्या. कंडक्टरने जड मनाने हाक मारली, "ताई, उठा. बाजारगाव आलं."

शालीतून आवाज आला, "झोपू द्या ना काका. मागच्या वेळी दिलं होतंत."

नर्सच होती ती. तिने शालीबाहेर हात काढून डेपोच्या खिडकीवर घेतलेली दोन तिकिटं दाखवली, शेवटच्या थांब्यापर्यंतची.

"मग हे झोपेचं सोंग कशाला?"

"आईला म्हटलं, त्या गावाला असंच जातात."

कंडक्टरला इतका आनंद झाला की त्याने घंटी दोनदा जास्तच वाजवली. काय झालं म्हणून ड्रायव्हरने वळून पाहिलं.

दोघींना उतरताना पाहून बायको दारात हाताची घडी घालून उभी राहिली. "खरं सांगा, झोपून आलात की जागेपणी?"

"जागेपणी हो," नर्सची आई मान चोळत म्हणाली. "हिने सोंग घ्यायला लावलं, त्यात मान अवघडली. तळं कुठे आहे ते?"

बायकोने तिकिटं हातात घेऊन दोन्ही बाजूंनी पाहिली. तिचे डोळे भरून आले. तिने सासूबाईंच्या हातातला डबा काढून खाली ठेवला, चहाचं आधण चढवलं आणि पिंपावरची पाटी उचलून पदराने पुसली.

कंडक्टर युनिफॉर्मवरच स्टुलावर चढला. बायकोने खालून स्टूल धरलं.

"नीट सरळ लावा," ती म्हणाली. "आता लोक जागेपणी बघणार आहेत."