मंगळवारचा भाव

अराबा जन्मली मंगळवारी. आमच्या फांती लोकांत जन्मवार हेच माणसाचं पहिलं नाव, म्हणून ती अराबा. तिचा मुलगाही मंगळवारचाच, म्हणून तो एबो. शेजारणी थट्टा करत, की मायलेकांनी समुद्राची सुट्टी आपसांत वाटून घेतलीय. कारण मंगळवारी आमच्या किनाऱ्यावरून एकही होडी पाण्यात जात नाही. त्या दिवशी समुद्र झोपतो. नाखवे जाळी शिवतात, जुनी भांडणं मिटवतात, नवी उकरून काढतात, आणि बायका आदल्या दिवशीच्या मासळीला धुरी देत बसतात. हा नियम मोडणाऱ्याची होडी आणि इंजिन हंगामभर जप्त होतात, पण तो कुणी लिहून ठेवलेला नाही. इतक्या पिढ्या टिकला तो बहुधा त्यामुळेच.

आमच्या एसिपोआनो गावच्या वाळूवर अराबाला लहानथोर सगळे 'माय' म्हणत. ती तिथली मासळीराणी होती. राणी म्हटल्यावर कुणी सिंहासन शोधायला जाऊ नये. गुडघ्यापर्यंत भिजलेलं कापड, दाढेखाली चघळायची काडी आणि भट्टीच्या धुराने कायमचे तांबारलेले डोळे, एवढाच तिचा थाट. पण पहिली होडी किनाऱ्याला लागली की नाखवा पहिलं घमेलं आणून तिच्यापुढे ठेवी. ती एक मासा उचले, कल्ला उघडून बघे, पोट दाबे, समुद्राकडे एक नजर टाकी आणि भाव सांगे. तिच्या तोंडून भाव निघेपर्यंत कुठलीही बाई घमेल्याला बोट लावत नसे, आणि एकदा निघाला की कुठलाही नाखवा हूं की चूं करत नसे.

हा मान तिला आयता मिळाला नव्हता. नवरा समुद्रातून परत आला नाही तेव्हा दिरांनी होडी विकायचा सल्ला दिला. बाईमाणसाला होडी काय करायची, असं ते म्हणाले. तिने होडी ठेवली आणि दिरांना वाटेला लावलं. धुरावलेल्या तारल्यांच्या टोपल्या घेऊन ती ट्रकवर बसून पार आतल्या कुमासी शहराच्या बाजारापर्यंत गेली, ड्रायव्हरांशी भांडली, व्यापाऱ्यांशी भांडली, आणि त्यातून होडी नवी केली, तिला इंजिन बसवलं. रंगाऱ्याकडून होडीच्या अंगावर मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं, 'बोलणारे बोलोत'. एबो मोठा झाल्यावर त्याच होडीचा तांडेल झाला.

पुढे ट्रॉलर आले. दूरच्या कुठल्या देशांचे, पण परवाने इथलेच, आणि ते कुणी दिले हे विचारायची सोय नाही. खोल पाण्यातली मोठी मासळी पकडू म्हणून आले आणि होड्यांच्या हद्दीत शिरून तारलीची बोटभर पिल्लंसुद्धा खरवडून नेऊ लागले. ती पिल्लं ते खोक्यांत गोठवतात, त्यांच्या लाद्या पाडतात आणि भरसमुद्रात दलालांना विकतात. म्हणजे आमच्या पाण्यातली मासळी आमच्याच घरी येते, पण विकत, आणि वाढायच्या आधीच मेलेली. अराबाने लादीला कधी भाव सांगितला नाही. दलाल तिच्यापुढे लादी ठेवी तेव्हा ती म्हणे, "ही वीट आहे. गवंड्याकडे न्या."

होड्या रिकाम्या येऊ लागल्यावर सरकारला आमची आठवण झाली. विकास करायचं ठरलं. ट्रॉलर हटवणं हा विकासात बसत नसावा, कारण त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. बर्फघर असलेली मोठी मंडई बांधायची ठरली. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात, तो झोपा निदान स्वस्तात होत असेल. इथे पैसा परदेशाचा, सिमेंट राजधानीचं, आणि पाटी उपमंत्र्यांच्या नावाची.

या कामावर एगिर नावाचे साहेब होते. माणूस फांतीच, पण आतल्या गावचा, ज्याला मासळी भेटते ती ताटात. त्यांनी सभा घेतली आणि सांगितलं, की यापुढे मंडईतला भाव एक समिती ठरवेल.

"समितीत कोण?" अराबाने विचारलं.

"मच्छीमार, माय."

"म्हणजे मी आलेच."

"तसं नाही. मच्छीमार म्हणजे जे समुद्रावर जातात ते."

"होडी माझी. इंजिन माझं. जाळं माझं. त्यात बसतो तो माझ्या पोटचा. तो मच्छीमार, आणि मी कोण?"

एगिरसाहेब हसले. "नियमांत तसंच लिहिलंय, माय. मी काय करू?"

"मग नियमांनाच सांगा धुरी द्यायला. माझे डोळे तरी वाचतील."

बायका खदखदून हसल्या. साहेबांना ते झोंबलं, पण माणूस हुशार होता. सभा उठल्यावर ते तिच्या भट्टीपाशी आले, तिने दिलेला केंकीचा, आंबवलेल्या मक्याच्या पिठाचा, गोळा तिखट चटणीला लावून खाल्ला आणि हळूच म्हणाले, "उद्घाटनाला पाहुणे येणार आहेत. पहिल्या मासळीचा भाव तुम्ही सांगा, त्यांच्यासमोर. त्यांना असलं फार आवडतं. त्यांनी बघितलं की भावाचा मान मी तुमच्याच नावावर करून घेतो, कायमचा. नाही सांगितला, तर समिती आहेच."

"कधी आहे तुमचं उद्घाटन?"

"मंगळवारी. सगळ्या होड्या किनाऱ्यावर, सगळं गाव हजर."

"मंगळवारी पहिली मासळी आणणार कुठून?"

"ते माझ्यावर सोडा."

अराबाला वाटलं, सोमवारची मासळी बर्फात ठेवतील. बर्फघर त्यासाठीच तर बांधलं. तिने हो म्हटलं. मान तिला हवा होता, आणि तो हवा असण्यात काही चूक नव्हती. तो गेला तर तिच्या मागे उभ्या असलेल्या सगळ्या बायका पंख्याखाली बसलेल्या समितीच्या पाच बाप्यांच्या तोंडाकडे बघत राहणार होत्या.

मंगळवारी मांडव पडला. उपमंत्री बोलले, मग पैसा देणाऱ्या देशाच्या बाई बोलल्या, मग उपमंत्री पुन्हा बोलले. समुद्रावर न जाणाऱ्यांनी समुद्राचं महत्त्व सांगितलं आणि आम्ही उन्हात बसून ऐकलं. सगळ्या नाखव्यांचे प्रमुख, नाना एसुमान, पहिल्या रांगेत काठीवर हनुवटी टेकून झोपेला आले होते. एवढ्यात ढोल वाजले आणि खडकाच्या पलीकडून एक होडी आली. रंगीत निशाणं लावलेली, खलाशी गात असलेले.

मंगळवारी. पाण्यातून.

नाना ताडकन उठून उभे राहिले. गाव एकदम गप्प झालं. ढोलवाले भाड्याचे, बाहेरगावचे, ते वाजवतच राहिले. अराबाने डोळ्यांवर हात धरून होडीवरची अक्षरं वाचली. 'बोलणारे बोलोत'. वल्ह्यापाशी एबो उभा होता, लग्नाला घालतो तो सदरा घालून.

घमेलं तिच्यापुढे आलं. तिने एक मासा उचलला. बोटभर तारली. कल्ला पांढरा. पोट दाबलं, तर आत अजून बर्फ. ढिगाच्या मधोमध मासे एकमेकांना घट्ट चिकटलेले आणि त्यांच्या शेपट्या काटकोनात दुमडलेल्या, खोक्याच्या कोपऱ्यात दाबल्या तशा. समुद्रात चौकोनी मासे होत नाहीत. ट्रॉलरची लादी वितळवून, खडकाआड होडीत भरून, तिच्याच होडीतून तिच्याच पुढे ठेवली होती, आणि ताजी मासळी म्हणून ती कॅमेऱ्यापुढे तिने विकायची होती.

एबो वाकून कुजबुजला, "मासे मारले नाहीत, आई. नुसता खडकाला वळसा घातला. साहेब म्हणाले, यात काही वाईट नाही. तुला मान मिळावा म्हणून केलं."

तिला एगिरसाहेबांचा राग आलाच, पण तो त्यांच्यावर काढता आला असता. पोराचं काय करायचं? आपलेच दात, आपलेच ओठ. तिच्या मानासाठी तिच्याच मुलाला समुद्राच्या झोपेत घुसवलं होतं, आणि घुसवणारा कोट घालून शेजारी उभा होता, हसत.

"सांगा, माय," साहेबांनी ध्वनिक्षेपक तिच्या तोंडाशी धरला. "काय भाव?"

अराबाने तोंडातली काडी काढली. समुद्राकडे एक नजर टाकली, नेहमीसारखी.

"भाव विचारताय, तर सांगते. या मासळीचा भाव एक होडी, एक इंजिन आणि एक हंगाम. होडी माझी, इंजिन माझं, आणि हंगाम माझ्या मुलाचा. मंगळवारी पाण्यात उतरणाऱ्याला जे द्यावं लागतं ते मी देते. नाना, ताब्यात घ्या."

"माय, अहो, असं काय करता," एगिरसाहेब ओठ न हलवता पुटपुटले.

"आणि ज्या ट्रॉलरची ही लादी आहे, त्याचा भाव कोण सांगणार? तुमची समिती?"

हे शेवटचं कुणालाच ऐकू गेलं नाही. साहेबांनी ध्वनिक्षेपक बंद केला होता. नाना पाण्याकडे चालत गेले आणि त्यांच्यामागे सगळे नाखवे. एबोने स्वतःच इंजिन सोडवून दिलं. परदेशी बाईंनी दुभाष्याला विचारलं, त्या काय म्हणाल्या? दुभाषा साहेबांचाच माणूस. तो म्हणाला, त्या म्हणाल्या, ही मासळी एका होडीच्या मोलाची आहे. बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी टाळ्या वाजवल्या, मग उपमंत्र्यांनी, मग सगळ्या मांडवाने. माणसाची होडी जात होती आणि लोक टाळ्या वाजवत होते, हे मी अजून विसरलेलो नाही. मंडईच्या भिंतीवर आज संगमरवरी पाटी आहे. 'येथे पहिल्या मासळीला विक्रमी भाव मिळाला.' ज्याने ती कोरून घेतली त्याला लाज वाटली असेल, असं मानायला मला काही कारण दिसत नाही.

घरी एबो दारातच बसला. "दंड साहेबांनी भरायला हवा होता," तो म्हणाला.

"साहेबांना मंगळवार नसतो," अराबा म्हणाली. "तुला आहे. ऊठ, जेवून घे."

बुधवारी मंडई उघडली. समितीचे पाचजण पंख्याखाली खुर्च्यांवर बसले, पुढे नवा कोरा फळा. पहिली होडी लागली ती नाना एसुमान यांच्या पुतण्याची. तिच्यातून घमेलं डोक्यावर घेऊन जो खलाशी उतरला तो एबो होता. कालचा तांडेल आज दुसऱ्याच्या होडीवर रोजाने. सगळ्या बायका उभ्या राहून बघू लागल्या, हा वर मंडईकडे वळतो की काय. समितीतला एकजण हातात खडू घेऊन दारापर्यंत आलाही.

एबो वाळूतून सरळ चालत आला. मायलेकांची जप्त होडी तिथेच उपडी पडली होती, अक्षरं वाळूत उलटी. तिला वळसा घालून त्याने घमेलं अराबापुढे ठेवलं आणि इतर नाखवे विचारतात तसंच विचारलं.

"माय, भाव?"

तिने मासा उचलला, कल्ला बघितला, पोट दाबलं. समुद्राकडे बघायला मान वर केली, तर मध्ये ती उपडी होडी. तिच्यावरून तिने पलीकडे पाहिलं आणि भाव सांगितला. जो असायला हवा तोच, लेक म्हणून एक पेसेवाही चढवला नाही. बायकांनी घमेल्यात हात घातले. मंडईच्या दारातला माणूस खडू घेऊन तसाच उभा होता, आणि त्याला कुणी काही विचारत नव्हतं.