श्रावणातली होळी

कोल्हापूरच्या स्टँडवर उतरलो तेव्हा माझ्याजवळ दोन शर्ट, एक छत्री आणि एक भाषण होतं. छत्री स्टँडच्या दारातच उलटी झाली. भाषण मात्र शाबूत राहिलं, दुर्दैवानं.

दोन हजार साल उलटून काही वर्षं झाली होती. परभाषिक मजुरांना पुराची सूचना कशी द्यावी, हे सांगायला आमच्या पुण्याच्या संस्थेनं मला धाडलं होतं. मी या विषयातला जाणकार समजला जाई. समजणाऱ्यांत पहिला मीच.

मुक्काम रुद्राप्पाअण्णांकडे होता. धान्याचे व्यापारी, वडिलांचे जुने स्नेही. घरात अर्धं बोलणं कानडीत, अर्धं मराठीत. अव्वा (अण्णांची आई) कानडीत रागावणार आणि अण्णा मराठीत सबबी सांगणार. जेवायला कडक भाकरी, झुणका आणि खर्डा (मिरचीचा ठेचा). पुणेकरांना तिखट सोसत नाही असं अण्णा म्हणाले, म्हणून मी खर्डा दोनदा वाढून घेतला. त्यानंतर दोन्ही भाषांत मी फक्त पाणी मागितलं.

दुपारी निरोप आला. धरणातून पाणी सोडलं होतं. नदीकाठची वस्ती अंधार पडायच्या आत वरच्या शाळेत हलवायची होती. तिथं विजापूरकडून बांधकामावर आलेली माणसं पत्र्याच्या खोल्यांत राहत. मराठी कुणाला धड कळत नव्हती, आणि वस्तीचा रस्ता एवढा सखल की तो बुडाला की सगळे आत अडकणार. रिक्षाला भोंगा बांधला. मी माईक घेऊन पुढे, अण्णा मागे. वाटेत त्यांनी मला वाक्य शिकवलं, "होळी बरतैती, असं म्हणा."

मला हसूच आलं. श्रावणात कसली होळी? अण्णा आता थकले, असं मी मनात म्हटलं, त्यांच्या वाक्यातली होळी काढली आणि तिथं नीरु घातलं. नीरु म्हणजे पाणी, एवढी कानडी मी बंगळूरच्या खानावळीत शिकलो होतो. वस्तीत शिरताच खणखणीत आवाजात सुरू केलं, "नीरु बरतैती! नीरु बरतैती!" पाणी येतंय!

दारं धडाधड उघडली, बाया-बाप्ये धावत बाहेर आले. मी अण्णांकडे वळून ऐटीत पाहिलं. मग लक्षात आलं की प्रत्येकाच्या हातात घागर आहे. वस्तीला नळ एकच, तोही मनात येईल तेव्हा येणारा, आणि होता थेट नदीच्या उतारावर. वर न्यायला आलो होतो ती अख्खी वस्ती मी खाली नदीकडे पाठवली होती. सगळ्यांत पुढे एक तरुण बाई, कडेवर तान्हं मूल, नंबर पहिला लागावा म्हणून पळत होती.

अण्णांनी माईक हिसकावला.

"पावणं, होळी म्हंजे नदी हाय की! पूर आला की आमच्यात होळी आली म्हणत्यात."

आणि भोंग्यात ओरडले, "होळी बरतैती! मक्कळ्न तगोंड म्याग होग्री!" (नदी येतेय, पोरं घेऊन वर जा.)

माणसं तिथूनच मागे फिरली. पुढे गेलेल्या त्या बाईला पावसात ऐकू गेलं नसावं. मी उतारावरून घसरत, एक चप्पल गमावत तिच्यापर्यंत पोचलो तेव्हा नळाच्या ओट्याला नदी लागली होती. तिला हातानंच नदी दाखवली. ती भाषा मला नीट आली. आम्ही वर पोचलो आणि मागे रस्ता बुडाला.

संध्याकाळी शाळेत मी बादलीतून पाणी वाटत होतो. ती बाई, मल्लव्वा, भिंतीला टेकून बसली होती. कपडे, पीठ, भांडी, सगळं खोलीत राहून गेलं होतं. माझ्या शब्दावर विश्वास ठेवून ती मूल आणि रिकामी घागर घेऊन निघाली होती, तेवढंच वाचलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिनं घागर माझ्यापुढे सरकवली आणि काहीतरी विचारलं.

"ती इचारत्या," अण्णा म्हणाले, "सायबांचं नळाचं पाणी कवा येणार?"

सगळा वर्ग हसला, मल्लव्वाही. मी घागर काठोकाठ भरून दिली.

पुण्याला परतताना वाटभर एकच विचार करत होतो, परक्याची भाषा राहू दे, निदान आपली तरी आपल्याला कळते. दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यातून शेजारीण ओरडली, "पाणी आलं!" मी पोराला उचललं आणि थेट गच्ची गाठली. खाली बायको बादली घेऊन मला हाका मारत होती.