बाबांचा फोन ओळखणारा सर्व्हर

आमच्या गावच्या मुंबईतल्या मंडळाच्या सभेत बाबा कधी बोलत नाहीत. मागच्या बाकावर बसतात, चहा घेतात आणि घरी येतात. त्या दिवशी मात्र बोलले. गणपतीला गावी जाणाऱ्या गाड्यांचं बुकिंग सुरू झालं की मंडळाची वेबसाइट दरवर्षी बसायची, कारण सगळे एकदम उघडायचे. आता मंडळाने स्वतःचा सर्व्हर घ्यावा असं ठरलं. तो सांभाळणार कोण, असं सेक्रेटरी काकांनी विचारलं आणि मागून बाबा म्हणाले, "माझो झील करतलो."

झील म्हणजे मुलगा, म्हणजे मी. मी कॉम्प्युटरच्या दुसऱ्या वर्षाला होतो. सर्व्हर मी फक्त पुस्तकातल्या चित्रात पाहिला होता. पण आमच्या घरातून कॉलेजला गेलेला मी पहिलाच, त्यामुळे कॉम्प्युटरचं काहीही मला येतच असणार, असं बाबांना वाटत असावं. नाही म्हणायचं मला सुचलं नाही.

"मशीन खय आसा?" घरी आल्यावर त्यांनी विचारलं.

मी सांगितलं की मशीन लांब, भलत्याच शहरात आहे. एका मोठ्या मशीनचे आपल्या चाळीसारखे भाग पाडलेत, त्यातली एक खोली आपली. आत जायचं ते इथून, इंटरनेटवरून.

"मगे चोरीक जावची भीती नाय," बाबा म्हणाले. ते विक्रोळीतल्या एका कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीत आहेत. त्यांना पहिलं तेच सुचतं.

भीती होती. सर्व्हर सुरू झाल्यापासून कोणकोण अनोळखी त्याचं दार वाजवत होते. पासवर्ड चुकवलेल्यांच्या ओळीच्या ओळी स्क्रीनवर सरकायच्या. मी उपाय शोधायला बसलो. एका व्हिडिओत सांगितलं होतं की फायरवॉल, म्हणजे दारावरचा पहारा, लावा आणि आत यायला फक्त स्वतःच्या इंटरनेटचा पत्ता मोकळा ठेवा. मी तसंच केलं. दार वाजायचं थांबलं. फार दिवसांनी काहीतरी नीट केल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी कॉलेजातून आलो, बाबा ड्युटीवरून आले, त्यांच्या फोनचं हॉटस्पॉट लावलं, तर सर्व्हर मला आत घेईना. माझा फोन जुना आहे, हॉटस्पॉट लावला की तापून बंद पडतो. त्यामुळे घरात इंटरनेट म्हणजे बाबांचा फोन. त्या व्हिडिओतल्या माणसाच्या घरी वायरचं इंटरनेट असणार, त्याचा पत्ता बहुधा तोच राहत असेल. मोबाइलचा पत्ता बदलत राहतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी कालच्या पत्त्याला दार उघडं ठेवून आजच्या पत्त्यावर बाहेर उभा होतो.

आणि नव्या सर्व्हरवर वेबसाइटचं काम अर्धंच झालं होतं. जुन्या जागेची मुदत संपली म्हणून साइटचं नाव मी आधीच नव्या सर्व्हरकडे वळवलं होतं. मंडळाचा माणूस साइट उघडायचा तर गणपतीच्या फोटोऐवजी पांढऱ्या पानावर इंग्रजीत 'वेलकम' दिसायचं. बुकिंग रविवारी सुरू होणार होतं.

"काय झाला?" बाबांनी विचारलं. मी इतका थकलो होतो की नीट समजावायचं त्राण नव्हतं.

"सर्व्हर आत घेत नाही. काल तुमच्या फोनवरून गेलो होतो ना."

"म्हणजे तो माझो फोन वळाखता?"

"हो. साधारण तसंच."

सकाळी उठलो तर फोन फळीवर होता आणि बाबा ड्युटीवर गेले होते. आई म्हणाली, "तुझ्यासाठीच ठेवलाय. त्यांचं काही अडलं तर गेटवरच्या फोनवरून करतील."

सर्व्हरच्या आत जायला त्या फोनचा उपयोग नव्हता, पत्ता तर बदललाच होता. पण हे आईला काय सांगणार? तेवढ्यात तोच फोन वाजला. सेक्रेटरी काका होते.

"काय रे, तुझी साइट दारात उभी राहून वेलकम करते, आत कुणाला घेत नाय! रविवारी लोक मला खातील."

"करतो काका."

"करतो नको सांगू. तुझ्या बापाने सभेत शब्द दिलाय. पहिल्यांदा तोंड उघडलं त्याने."

ते मला माहीत होतं, म्हणून तर ते जास्त लागलं.

त्याच फोनचं हॉटस्पॉट लावून सर्व्हर देणाऱ्या कंपनीला मी मोडक्या इंग्रजीत लिहिलं. उत्तर लवकर आलं, दोन वाक्यांचं. त्यांच्या पानावर 'कन्सोल' नावाचं बटण आहे, ते थेट मशीनसमोर बसवतं, फायरवॉल मध्ये येत नाही. ते बटण मी रोज बघत होतो. काळी खिडकी उघडली. तिच्यात पासवर्ड पेस्ट होईना. सुरक्षित म्हणून मीच निवडलेला तो लांबलचक पासवर्ड एकेक अक्षर टाइप केला. चुकला. परत चुकला. आई भात वाढून थांबली होती. मग कधीतरी आत गेलो. पत्त्याचा नियम काढला. पासवर्डने आत येणं बंद केलं आणि दाराला चावीची फाइल लावली, जी फक्त माझ्या लॅपटॉपवर आहे. मग साइट चढवली. गणपती दिसला. आनंद वगैरे झाला नाही, जेवून झोपलो.

रविवारी बुकिंग झालं. साइट जरा रेंगाळली, पण बसली नाही. संध्याकाळच्या सभेत काकांनी विचारलं, "आता पुढे हे बघणार कोण? की झालं काम?"

"बघतलो तो," मागच्या बाकावरून बाबा म्हणाले. "वर्सभर बघतलो."

मला कुणी विचारलंच नाही. घरी येऊन सर्व्हर उघडला, तर अपडेट बाकी आहेत म्हणून तो सांगत होता. ते संपणारं काम नव्हे, एवढं मला कळलं होतं.

सोमवारी सकाळी फोन परत फळीवर. बाबा चपला घालत होते.

"बाबा, फोन न्या. त्याची गरज नाही आता. सर्व्हर फोन ओळखत नाही, मी त्या दिवशी चुकीचं सांगितलं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग फोनकडे.

"आसांदे," म्हणाले आणि फोन फळीवरच ठेवून जिना उतरले.