चुळीचं पाणी
कुठं मशेरीसाठी तंबाखू भाजल्याचा डोक्यात चढणारा वास आला की मला पारनेरकडचं ते कोरडं गाव आठवतं. बहात्तरच्या दुष्काळात, दंतवैद्यकाच्या माझ्या प्रबंधासाठी, मशेरी लावणाऱ्या बायांची तोंडं तपासायला मी तिथं गेले होते. डॉक्टरीण दात बघणार म्हणून बाया मुद्दाम मशेरीनं दात घासून आल्या होत्या, आणि त्या काळ्या थराखालचं मला काहीच दिसेना. कापसानं पुसूनही भागेना. ‘चूळ भरून या,’ मी म्हणाले, तशी पुढं बसलेली म्हातारी भडकली. ‘डाक्टरीनबाई, प्यायला पानी न्हाई, आन् थुकायला कुठनं आनू? इहीर लई लांब हाय.’ सगळ्या उठून गेल्या. मीही हट्टाला पेटले. दुसऱ्या दिवशी उजाडताच एक कळशी मागून घेतली आणि त्यांच्या मागोमाग निघाले. विहिरीच्या तळाशी उतरून वाटीवाटीनं गढूळ पाणी भरलं. परत येईपर्यंत निम्मी कळशी माझ्या साडीवर सांडली होती. उरलेली मी म्हातारीच्या ओट्यावर ठेवली. म्हातारीनं माझ्या ओल्या साडीकडं पाहिलं, तांब्या भरला, चूळ भरून दारातल्या कडूलिंबाच्या बुडात टाकली आणि तोंड उघडलं. डाव्या गालाच्या आत पांढरा चट्टा होता, पुढं कर्करोग होऊ शकेल असा. ‘हा कधीपासून?’ मी विचारलं. ‘लई दिस झालं. पर कुनी बघितलंच न्हाई.’ त्याच दुपारच्या एसटीनं मी तिला नगरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. आज माझ्या दवाखान्यात खुर्चीशेजारीच नळ आहे, मदतीला माणसं आहेत; तरी चुळीचा ग्लास मी दुसऱ्या कुणाला भरू देत नाही.