साडेतीन फुटांचा इतिहास

बेसबॉल हा खेळ अमेरिकेने शोधला, ही गोष्ट आमच्या दाजींनी मोठ्या मनाने मान्य केली आहे. पण तो नांदेडला पोचवायला तिने एवढा उशीर का लावला, याबद्दलचा त्यांचा राग अजून गेलेला नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. विद्यापीठाच्या क्रीडा विभागात ते शिपाई होते आणि मी त्याच विद्यापीठाच्या ग्रंथालयात कारकून. मी त्यांना दाजी म्हणतो म्हणून ग्रंथालय त्यांना दाजी म्हणू लागलं, मग क्रीडा विभाग, मग वसतिगृहातल्या मुली, आणि एका स्नेहसंमेलनात तर खुद्द कुलगुरूंनीच "दाजी, पुढच्या रांगेत दोन खुर्च्या कमी पडल्या," असं सगळ्यांसमोर म्हटलं. त्या दिवसापासून सगळं विद्यापीठ माझ्या बहिणीचं माहेर झालं.

विद्यापीठाच्या मुलींच्या बेसबॉल संघाचा इतिहास लिहायला दाजींना कोणीही सांगितलं नव्हतं. शाळा त्यांनी जळकोटला दहावीपर्यंत केलेली. पण "पोरी येतात, खेळतात, लग्न होऊन जातात. कोन कवा आली, काय खेळली, हे कुनीतरी लिवून ठिवाय पायजे का न्हाई?" असं म्हणून त्यांनी एक दोनशे पानी वही आणली आणि शुद्धलेखन तपासायला दर सोमवारी ती माझ्या टेबलावर ठेवू लागले. या इतिहासाला सन नव्हते. 'लातूरला रेल्वेने पाणी आले त्या साली' हे मला समजायचं. पण 'उदगीर जिल्हा होणार अशी हूल उठली त्या साली' हे वाचून मी हात टेकले, कारण ती हूल आमच्याकडे दर सव्वीस जानेवारीला उठते आणि सत्तावीसला बसते. दाजी स्वतः त्या हुलीने अस्वस्थ व्हायचे. नवा जिल्हा झाला तर जळकोट-उदगीरकडच्या मुली नव्या जिल्ह्यात जातील आणि आपला संघ अर्धा होईल, अशी त्यांची समजूत होती. जिल्ह्याचा आणि विद्यापीठाचा तसा संबंध नसतो, हे मी चार वेळा सांगितलं. ते म्हणायचे, "पाव्हणं, कागदावर रेघ मारली की मानसं तुटत्यात. मी लई बघितलंय."

पराभव हा शब्द त्या वहीत शोधून सापडत नसे. आमच्या मुली पहिल्याच स्पर्धेत पहिल्याच सामन्यात गारद झाल्या होत्या. दाजींनी त्याची नोंद 'आपल्या संघाने समोरच्या संघास चौथ्या डावापर्यंत ताटकळत ठेवले' अशी केली. एका वर्षीच्या कामगिरीत फक्त एवढंच होतं: 'यंदा एकही चेंडू हरवला नाही.' मी हसलो, तर ते गंभीरपणे म्हणाले, "हसू नगा. त्या साली आपल्यापाशी चेंडूच तीन व्हते."

शनिवारी ते उदगीरची गाडी धरून जळकोटला उतरत आणि तिथून गावी जात. अक्का सासूबाईंना आणि शेताला सोडून नांदेडला यायला तयार नव्हती, म्हणून दाजी आठवडाभर एका खोलीत राहून स्वतःच्या हाताने भाकरी थापायचे. गाडीत शेजारी बसलेल्या माणसाची खैर नसे. "म्हंजे किरकेटच की," असं तो बोलून जायचा, आणि मग कंधारपासून जळकोटपर्यंत त्याला होम प्लेट, तीन बेस आणि पिचर हे सगळं गुडघ्यावर बोट फिरवून शिकावं लागायचं. बेस म्हणजे पळून गाठायचे टप्पे, होम प्लेट म्हणजे बॅटवालीची जागा आणि पिचर म्हणजे चेंडू टाकणारी मुलगी. ती ज्या मातीच्या उंचवट्यावरून चेंडू टाकते, त्या उंचवट्यावर दाजींचा फार जीव. आमची काळी माती पाणी मिळालं नाही की तडकते; म्हणून त्यांनी नियमच केला होता की, सरावाला येणाऱ्या प्रत्येक मुलीने तांदूळ नाहीतर भाजी धुतलेलं बाटलीभर पाणी आणायचं आणि खेळण्याआधी तिथे ओतायचं. मुली चपला काढून ओतायच्या. तसं कोणी सांगितलं नव्हतं, पण दाजी स्वतः काढायचे म्हणून त्याही काढायच्या.

मग तो दुष्काळ आला. वसतिगृहाला दोन दिवसांआड पाणी, तिथे मैदानाला कोण देणार? क्रीडा संचालकांनी दाजींना बोलावून सांगितलं की, इतक्या वर्षांत या संघाने एक पदक आणलेलं नाही. यंदा आणलं तर ठीक, नाहीतर पुढच्या वर्षीपासून मुलींचा बेसबॉल बंद. दाजी माझ्याकडे आले, वही टेबलावर ठेवली आणि तिची उरलेली कोरी पानं मोजत बसले. जाताना म्हणाले, "ही वही भरायच्या आधीच संपती का काय."

त्यात मैदान नव्याने आखायचं होतं आणि विभागाचा लांब टेप कोणीतरी टाकीच्या बांधकामाला नेला तो परत आला नव्हता. तेव्हा दाजींना घरचा दोर आठवला. अंबाडीच्या वाखाचा, शंभर फुटांच्या वर लांब. विहीर जसजशी खोल गेली तसतसा तुकडा तुकडा जोडून अक्कानेच तो वाढवला होता. आता विहीर पार आटली होती आणि दोर खुंटीला होता. दाजींनी तो उतरवला. वेटोळ्यात राहून त्याला अढ्या पडल्या होत्या, त्या निघाव्यात म्हणून भांडी विसळलेल्या पाण्यात रात्रभर भिजवला आणि सकाळी गवंड्याचा टेप मागून आणून ओल्या दोरावर मापं घेतली. पिचरपासून होम प्लेटपर्यंत साडेसाठ फूट, तिथे एक लाल फडकं. एका बेसपासून दुसऱ्यापर्यंत नव्वद फूट, तिथे दुसरं. अक्काला म्हणाले, "आठ दिवसांत आनून देतो."

आठ दिवसांचे चार महिने झाले. मधल्या काळात गावाला टँकर सुरू झाला. टँकर आमच्याकडे दारात येत नाही. तो गावविहिरीत पाणी ओतून जातो आणि बायका आपापल्या दोराने शेंदून घेतात. अक्काकडे दोर नव्हता. शेजारणीचं भरून होईपर्यंत ती काठावर थांबायची, मग तिचा दोर मागायची, आणि तोवर विहिरीत चिखल उरायचा. दाजी शनिवारी रिकाम्या हाताने आले की ती म्हणायची, "अवो, पोरी तिथं पळायल्यात आन् मी हितं दोर मागत फिरायले." दाजी मान खाली घालायचे. पण दोर काही आणायचे नाहीत, कारण रेघा रोज पुसून जायच्या आणि रोज नव्याने आखाव्या लागायच्या.

इकडे मुली रडकुंडीला आल्या होत्या. आमची पिचर शीतल उमरीची, शेतात राबलेल्या हातांची मुलगी. तिचासुद्धा चेंडू प्लेटपर्यंत पोचेना. "दाजी, हे लई लांब वाटायलंय," ती म्हणाली. दाजी म्हणाले, "दुष्काळात मानसाला समदंच लांब वाटतंय, बाई. टाक." ती टाकत राहिली. पळणाऱ्या मुली बेस गाठायच्या आधीच बाद व्हायच्या आणि पुन्हा पळायच्या.

स्पर्धेला परराज्यात जायचं होतं आणि संघाच्या व्यवस्थापक बाईंच्या घरी लग्न निघालं, म्हणून त्यांच्या जागी एक प्राध्यापिका आल्या आणि सामान सांभाळायला मला धाडलं गेलं. दाजी संघाबरोबर असायचेच, आणि त्यांनी सरावासाठी दोरही पिशवीत घेतला होता. पहिला सामना सुरू झाला आणि शीतलचा पहिला चेंडू प्लेटमागे झेलायला बसलेल्या कॅचरच्या डोक्यावरून गेला. दुसराही. तिसरा तर मागच्या जाळीला लागला. आमच्या नशिबी पुन्हा चौथ्या डावापर्यंत ताटकळणं आहे, असं मी मनात म्हणालो. तेवढ्यात शीतल दाजींकडे धावत आली. "दाजी, हितली प्लेट जवळ हाय."

दाजी ताडकन उठले. त्यांच्या मुलींवर अन्याय होत होता. पिशवीतून दोर काढून ते थेट पंचांपाशी गेले आणि हात जोडून म्हणाले, "साहेब, तुमचं मैदान आखूड हाय." पंच भला माणूस होता. त्याने पोलादी टेप मागवला आणि सगळ्यांसमोर अंतर मोजलं. साडेसाठ फूट, बरोबर. मग दाजींचा दोर त्याच टेपाशेजारी ताणला. लाल फडकं चौसष्ट फुटांवर होतं.

वाख भिजला की आखडतो आणि वाळला की लांबतो, हे आमच्या गावातलं शेंबडं पोरही सांगेल. दाजींनाही ते ठाऊक होतं. पण दोर मोजला त्या सकाळी त्यांच्या डोक्यात फक्त संघ बंद पडण्याची धास्ती होती. ओल्या दोरावर घेतलेली मापं उन्हात वाढली होती, प्लेटचं साडेतीन फुटांनी आणि बेसचं पाचांनी, आणि चार महिने मुली त्या वाढीव अंतरावर घाम गाळत होत्या. दाजींचा चेहरा मला बघवेना. ते दोराची गुंडाळी करत खाली बसले आणि म्हणाले, "पोरींनो, मी तुमचं वाटोळं केलं."

शीतलने चेंडू हातात घोळवला. मग म्हणाली, "म्हंजे आता जवळूनच टाकायचं ना? मग सोप्पं हाय की."

पुढचं मी जन्मात विसरणार नाही. तिने हात जरा खाली घेतला आणि चेंडू असा येऊ लागला की समोरच्या मुली बॅट फिरवायच्या तेव्हा तो कॅचरच्या हातात असायचा. आमच्या मुली पळाल्या की बेस अपेक्षेपेक्षा आधीच पायाखाली यायचा आणि त्या गोंधळून दोन पावलं पुढे जायच्या. कांस्यपदक मिळालं. पहिलंच. मुलींनी ते आधी दाजींच्या गळ्यात घातलं आणि दाजी इतके रडले की फोटोत त्यांच्या तोंडावर फक्त रुमाल आहे.

संघ वाचला. संचालकांनी अहवालात 'वाढीव अंतराची शास्त्रीय प्रशिक्षण पद्धती' असं लिहिलं आणि नवा टेप मागवला. मीही दाजींना म्हटलं, तुम्हीही वहीत तसंच लिहा, शोभून दिसेल. ते म्हणाले, "पाव्हणं, हरलो तवा मी गोड करून लिवलं, ते पोरींसाठी. हे माझ्यासाठी हुईल." आणि त्यांनी लिहिलं: 'कांस्यपदक मिळाले. सरावाचे अंतर साडेतीन फूट जास्त भरले. चूक मैदान आखणाऱ्याची. दोर घरचा.' त्यातला एक काना किंवा मात्रा बदलायची माझी हिंमत झाली नाही.

पाऊसकाळ सुधारल्यावर दोर गावी परत गेला आणि दोन वर्षांनी दाजीही निवृत्त होऊन गेले. नवा जिल्हा अजून झालेला नाही. परवा मी भेटायला गेलो तर ओट्यावर बसले होते. नजर आता अधू झाली आहे. जाताच पहिला प्रश्न, "संघ गेला का औंदा?" मी म्हटलं, गेला, आणि पदक मिळो न मिळो, मुली अजून सरावाला प्लेट साडेतीन फूट लांब ठेवतात, टेपने मोजून ठेवतात. का ठेवतात, हे आता त्यांच्यातल्या कोणालाच नीट माहीत नाही. दाजींपासून चालत आलंय म्हणतात. दाजी ओट्यावरच सरसावून बसले. मग म्हणाले, "त्यांना सांगा, ती चूक व्हती म्हनून." मी हो म्हटलं. सांगणार नाही.

तेवढ्यात विहिरीवरून अक्काचा आवाज आला, "अवो, पानी पिचरपाशी आलंय." दाजींनी बसल्या जागी मान हलवली. दोरावरच्या पिचरच्या खुणेपाशी, साडेसाठ फुटांवर पाणी, म्हणजे उन्हाळा निभेल. घरात पाण्याचं माप आता असंच सांगतात, हे मला तेव्हा कळलं. मी अक्काच्या हातातला दोर घ्यायला गेलो. एवढ्या वर्षांत ती लाल फडकी कुजून गळून गेली असणार, असं मला वाटलं होतं. पण दोराला दोन्ही जागी गाठी घट्ट होत्या आणि फडकी नवीकोरी, जरीच्या काठाची होती. अक्काचं एकच लाल लुगडं तसं होतं.