चाळीस पावलांनंतर

आमच्या कबरस्तानात कबरी खोदणाऱ्याला सगळे फूटपट्टी म्हणतात. समोरून माणूस आला की त्याची नजर आधी टोपीपासून चपलेपर्यंत जाते, मग सलाम येतो. टेप त्याने जन्मात वापरली नाही. एकदा जाड्या खाटकाला त्याने सहज विचारलं, "तब्येत उतरली का?" तर खाटीक आठ दिवस नीट जेवला नाही.

स्वभावाने मात्र गरीब गाय. खोड एकच, दुसऱ्याचं वाक्य पुरं होऊ द्यायचं नाही. ती त्याला बायकोमुळे लागली. बाई शिंप्याकडची काज-बटणं करायची, हात भलता चपळ, पण जीभ अडखळायची. ती "पा... पा..." करेपर्यंत हा पाण्याचा पेला पुढे करायचा. कधी तिला भलतंच काही म्हणायचं असायचं. मग ती पेल्याकडे बघायची आणि तहान नसली तरी पाणी प्यायची.

आता, आमच्यात असं मानतात की माती देऊन लोक परतू लागले की मयताला त्यांची पावलं ऐकू येतात. चाळीस पावलं झाली की मुनकर आणि नकीर हे दोन फरिश्ते येतात, त्याला उठवून बसवतात आणि विचारतात, तुझा रब कोण? तुझा दीन कोणता? तुझा नबी कोण? देव, धर्म, पैगंबर, एवढे तीनच प्रश्न. फूटपट्टी म्हणूनच सगळे गेल्यावरही मागे थांबायचा, कबरीशी उकिडवा बसायचा आणि आतल्याला उत्तरं सांगायचा. जन्मात मशिदीची पायरी न चढलेले लोकही त्याच्या भरवशावर निर्धास्त मरायचे.

बायको तीन दिवसांच्या तापात गेली. कबर त्यानेच खोदली. माती झाल्यावर मात्र दोघा मेव्हण्यांनी त्याला दंडाला धरून घराकडे चालवलं. अशा वेळी नवऱ्याला एकटं कोण सोडतं? फाटकाशी आल्यावर त्याला एकदम आठवलं. हिसका मारून तो धावत मागे गेला, पण चाळीस पावलं केव्हाच होऊन गेली होती.

"आत र... र... करत बसली असेल हो, चाचा," तो मला म्हणाला. "तिला एक शब्द काढायला किती वेळ लागतो, ते फरिश्त्यांना काय माहीत?"

"त्यांना माहीत नसेल तर कोणाला असेल?"

"मी बारा वर्षं तिच्याबरोबर काढली. मी तरी कधी थांबलो?"

तेव्हापासून रोज असरच्या, म्हणजे दुपार कलतानाच्या, नमाजानंतर तो तिच्या कबरीशी बसून तिच्या वतीने तिन्ही उत्तरं म्हणू लागला. तीन वर्षं एक दिवस चुकला नाही. एकदा म्हणाला, "मी दम घ्यायला थांबलो ना, की खालून सुरुवात येते. नुसती सुरुवात." मी हसण्यावारी नेलं. पण माझी घरची वाट त्या कबरीवरून होती, ती मी बदलली.

रोज एका कबरीशी कोणी पुटपुटतंय म्हटल्यावर आमची गल्ली गप्प बसते होय? थोडा दोष माझाही आहे. "तिथे काहीतरी आहे," एवढंच मी चहाच्या दुकानात म्हणालो होतो, मीठमिरची इतरांची. गल्लीत नव्यानेच राहायला आलेल्या इस्त्रीवालीने तिथे पळालेल्या नवऱ्यासाठी मन्नत मागितली आणि आठवड्यात नवरा दारात हजर. दुसरीने हाकललं म्हणून आला होता, पण चमत्कारात इतकं खोलात शिरू नये. झालं! हिरवी चादर आली, ऊद आला, कडेच्या झाडाला धागे लटकले.

मौलवीसाहेब भडकले. "मागायचं ते अल्लाहकडे मागा! कबरीकडे कसलं मागता?"

"तिच्याकडे कुठे मागतोय?" इस्त्रीवाली म्हणाली. "पुढे शब्द टाका म्हणतोय. वशिल्याशिवाय साधा दाखला मिळत नाही, मौलवीसाहेब."

फूटपट्टीने हात जोडले. "अहो, तिला तीन प्रश्न जड जातायत. त्यात तुमचे कशाला?"

कोणी ऐकलं नाही.

एके दिवशी तो नुकताच कबरीशी बसला होता. मीही होतो, त्या दिवशी त्याने हाताला धरूनच नेलं होतं. इस्त्रीवाली घाईने आली.

"भाई, बीबी स्वप्नात आल्या होत्या."

"काय म्हणाली? सांग लवकर!"

"ऐका तरी! पहिलं अक्षरच सुटेना त्यांचं. मला जाग आली, पाणी प्याले, पुन्हा डोळा लागला. बघते तर त्या तिथेच, त्याच अक्षरावर. मागे दोघं उभे होते. त्यांना काही घाई नव्हती, नुसते उभे. पहाटे कुठे वाक्य झालं."

"कोणतं?"

"म्हणाल्या, 'त्यांना सांग, मधे बोलू नका. दर वेळी मला पहिल्यापासून सुरू करावं लागतं.'"

इस्त्रीवालीने त्या बाईचा आवाज कधी ऐकला नव्हता. मी सांगितलं असेल म्हणाल, तर नाही. बाकी हजार चहाड्या केल्या असतील, ही केली नाही.

फूटपट्टीचा चेहरा मातीसारखा झाला. "तीन वर्षं," तो म्हणाला. "रोज."

मग उठला. धागे एकेक करून सोडले, चादर घडी करून इस्त्रीवालीच्या हातात दिली. "आता तिला कोणी काही विचारू नका. ती बोलतेय."

धागा बांधायला कोणी आलंच, तर तो तोंडावर बोट ठेवून परत पाठवायचा. पुढे दुसऱ्या मयतांशीही तो थांबेना. माती झाली की कुदळ खांद्यावर टाकून सगळ्यांच्या आधी बाहेर. लोक चिडले. घड्याळजीच्या भावाने तर फाटकात अडवून शिव्या घातल्या. हा कुदळ दुसऱ्या खांद्यावर घेऊन चालू लागला.

असरनंतर तो अजून येतो, पण लांब भिंतीला टेकून बसतो, ओठ घट्ट मिटून. परवा मी हिंमत करून शेजारी जाऊन बसलो. वारा पडला होता, पानही हलत नव्हतं. बऱ्याच वेळाने मी नुसत्या भुवया उंचावून विचारलं, झालं का?

त्याने कबरीवरची नजर काढली नाही. हळूच एक बोट वर केलं. त्याचे डोळे भरून आले होते.

पहिलं उत्तर झालं होतं. पुढच्यासाठी आम्ही दोघं श्वास धरून बसलो.